वरची खरी, खालची खोटी

छप्पन सालच्या फाल्गुनात एका बोकडाने बाळकृष्णाला जगाचे दोन तुकडे करून दिले. बोकड हैदराबादेत, कोठी भागातल्या रस्त्यात, ऐन वाहतुकीत, कुणाच्या बापाला भीत नसल्यासारखा उभा होता. सायकलवरून येणाऱ्या बाळकृष्णाने आधी घंटी वाजवली, मग हात केला, शेवटी शिवी दिली. बोकड हलला नाही. हलला तो बाळकृष्ण, आणि फुटपाथच्या कडेवर डोकं आपटून तिथेच बसला.

चार लोकांनी उठवलं. बोकडाच्या मालकाने बोकडाला कुठे लागलंय का ते नीट तपासलं. बाळकृष्णाला तर रक्तसुद्धा आलं नव्हतं, नुसतं एक टेंगूळ. तो धोतर झाडून उभा राहिला आणि समोर बघतो तर दोन बोकड. एक होता तिथेच, दुसरा त्याच्या जरा खाली, किंचित कलंडलेला. दोघेही शांतपणे रवंथ करत होते.

बाळकृष्णाला वाटलं, डोकं गरगरतंय, घरी जाऊन पडलं की जाईल. पण जामबागेतल्या घरी पोचला तर जिन्याच्या पायऱ्या दुप्पट झालेल्या. ताटात एका भाकरीवर दुसरी भाकरी, आणि हात घालावा तर बोटं नेमकी नसलेल्या भाकरीवर. समोर लांबवर पाहिलं तर निभायचं, खाली पाहिलं की गोंधळ. आणि संसारातल्या झाडून सगळ्या गोष्टी, पायरी, ताट, चपला, कागद, ह्या माणसाच्या नजरेच्या खालीच ठेवलेल्या असतात हे त्याला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं.

त्यात नोकरी महसूल खात्यात, कारकुनाची. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे ठरले होते. वर्ष संपायच्या आत मराठवाडा मुंबईकडे, कानडी जिल्हे म्हैसूरकडे आणि उरलेलं आंध्राकडे जायचं होतं, आणि बाळकृष्णाच्या टेबलावर फायलींचे तीन ढीग पडत होते. सरकारने एकाचे तीन केले, बाळकृष्णाला त्या तिनाचे सहा दिसत. औरंगाबादची फाईल त्याने दोनदा रायचूरच्या ढिगात टाकली. तिथे सगळ्यांच्याच फायली चुकत होत्या, त्यामुळे ह्याचं वेगळं काही कुणाच्या लक्षात आलं नाही.

एक डोळा मिटला की सगळं एक व्हायचं, हे त्याचं त्यानेच शोधून काढलं. पण भर बाजारात एक डोळा मिटून बाईमाणसाकडे बघणं हा उपाय दिसतो तितका सोपा नाही. भाजीवालीकडे त्याने एक डोळा मिटून वांगी बघितली तेव्हा ती टोपली आपटून म्हणाली, "तुम्हारी मां की उमर की हूं, आंख कैकू मारते जी?" आजूबाजूच्या चार भाजीवाल्यांनी मान वळवली. बाळकृष्णाने वांगी तिथेच सोडली आणि पुढे कित्येक दिवस त्या घरात वांगं शिजलं नाही.

मग दुसरा उपाय सापडला. डोकं डाव्या खांद्याकडे कलतं केलं की दोन्ही चित्रं सरकत सरकत एकमेकांवर येऊन बसत, आणि जग पुन्हा शहाण्यासारखं वागायला लागे. तेव्हापासून बाळकृष्ण मान वाकडी करूनच हिंडू लागला.

शेवटी तो कोठीतल्या डॉक्टर अप्पारावांकडे गेला. दवाखाना पुस्तकांच्या दुकानावर, वर जायला अरुंद जिना. अप्पाराव तेलुगू, बोलायचे दख्खनी, आणि मराठी पेशंट आला की त्यात आपली मराठीही कालवायचे. त्यांनी बाळकृष्णाच्या नाकासमोर पेन्सिल धरली, जवळ आणली, लांब नेली, वर-खाली फिरवली. मग त्याचं डोकं धरून उजवीकडे कलवलं. पेन्सिलीच्या दोन पेन्सिली झाल्या आणि त्या आणखीच लांब पळाल्या. डावीकडे कलवलं, एक झाली. डॉक्टर खूश झाले. पेशंट असा नमुनेदार क्वचित मिळतो.

"डोळ्याला काहीच नाही झालं बाबू," ते म्हणाले. "डोळा नौकर आहे. मालिक इधर है." आणि त्यांनी स्वतःच्या कपाळावर पेन्सिल वाजवली.

"मग दोन का दिसतात?"

"एकेका डोळ्याला सहा लगाम आहेत. पेन्सिल जवळ आली, दोन्ही डोळ्यांनी नाकाकडे वळायचं. लांब गेली, सैल सोडायचं. वर, खाली, बाजूला, कुठे बी असो, दोघांनी एकाच जागी पोचायचं, एकाच वक्ताला. तेव्हा एक दिसतं. मेंदू दिवसभर हेच करतो, तुम्हाला सांगत पण नाही बिचारा. आता तुमच्या उजव्या डोळ्याला खाली ओढणारा लगाम ढिला झाला. त्याची नस सगळ्यात बारीक. मेंदूच्या पाठीकडून निघते, पूरा चक्कर मारून पुढे येते. डोकं आपटलं की बहुत बार तिलाच लागतं."

"आणि मान वाकडी केली की?"

"मान कलली की डोळे आतल्या आत उलटे फिरतात, थोडेसे. आपल्याला कळत पण नाही. डावीकडे कलली की ढिल्या लगामाला काम नाही, तो आरामात. उजवीकडे कलली की सगळं काम त्याच्यावर, मग त्याचं दिवाळं." डॉक्टर हसले. "फिकर नक्को. तीन-चार महिन्यांत नस आपली आपण जागी होईल. तोवर मान वाकवा. आणि कधी वाकवता नाही आली, तर एक याद ठेवा. वरची खरी, खालची खोटी."

हा शेवटचा मंत्र बाळकृष्णाने मनात घट्ट धरून ठेवला. जिना उतरताना तो पुटपुटतच उतरला, वरची खरी, खालची खोटी, आणि न पडता रस्त्यावर पोचला.

घरी त्याने सगळं आईला, पद्मावतीबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डोळ्याचा शब्द काढायचा नाही. येत्या आठवड्यात अंबरपेठेत मुलगी बघायला जायचंय. तिथे काय सांगू, मुलगा डोक्यावर पडलाय म्हणून? आधीच लोकांना शंका असते."

"पण आई, मान?"

"मानेत उसण भरलीय."

उसणेची ही बातमी पद्मावतीबाईंनी आपल्या भावालाही तशीच पोचवली. हिम्मतरावमामा पोलीस खात्यातून निवृत्त झालेले, आणि माणसाचं चारित्र्य त्याच्या मानेवरून ओळखता येतं असं त्यांचं ठाम मत होतं. ताठ मान म्हणजे खरा माणूस. वाकडी मान म्हणजे एकतर चोर नाहीतर कवी. भाचा ह्यातला कोणता, ह्याची त्यांना चिंता पडली.

अंबरपेठेतले एकनाथराव सरकारी शाळेचे मुख्याध्यापक. त्यांची बदली औरंगाबादला ठरल्यासारखीच होती. कपाटं, दोन गायी आणि घरची माणसं घेऊन वर्षअखेर तिकडे जायचं. जाण्यापूर्वी थोरल्या मुलीचं, भारतीचं, लग्न ह्याच शहरात उरकायचं, एवढीच त्यांची इच्छा.

बैठकीत बाळकृष्ण मान डावीकडे कलती करून बसला. एकनाथराव भाषावार प्रांतरचनेवर बोलायला लागले. ते चांगले अर्धा तास बोलले, आणि तेवढा वेळ समोरच्या मुलाची मान त्यांच्याकडे आदराने कललेली. त्यांच्या स्वतःच्या घरात त्यांचं बोलणं असं कुणीच ऐकत नसे. ते आत जाऊन बायकोला म्हणाले, "मुलगा ऐकून घेणारा आहे. असे आता मिळत नाहीत."

मग भारती पोह्यांची बशी घेऊन आली. बाळकृष्णाने मान आणखी जराशी कलवली, नीट जुळवली, आणि एकच भारती दिसली. सावळी, कपाळ मोठं, आणि बशी ठेवताना 'लवकर उरका' असा भाव चेहऱ्यावर. बाळकृष्णाला ती फार आवडली. घरी जाईपर्यंत तो बोकडालासुद्धा माफ करून बसला.

पसंती झाली, वैशाखातली तिथी धरली. मधल्या काळात एकदाच, कोठीत, त्याच पुस्तकांच्या दुकानासमोर भारती त्याला भेटली. ती जामबागेतल्या मुलींच्या शाळेत शिकवायची, बरोबर शाळेतलीच एक मैत्रीण होती. मैत्रीण शहाणी असल्यामुळे दुकानात शिरून पुस्तकं चाळत बसली.

"एक विचारू का?" भारती म्हणाली. "तुम्ही नेहमी अशी मान का करता?"

हीच वेळ होती. बाळकृष्णाला ते पक्कं कळलं. खरं सांगायला ह्याच्याहून चांगली जागा मिळणार नव्हती, डॉक्टर तर डोक्यावरच बसलेले. त्याने तोंड उघडलं. आणि मग त्याला वाटलं, सांगितलं तर ही घरी जाऊन सांगेल, एकनाथराव लग्न मोडतील, कार्तिकात सगळे औरंगाबादला जातील, आणि उरलेला जन्म आपण फायली लावत बसू.

"अशी मान केली की," तो म्हणाला, "ऐकायला बरं वाटतं. तुमचं बोलणं."

भारतीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून त्याला आनंद झाला, आणि तेवढीच लाजही वाटली. ती खालमानेने हसली होती. आपण चांगल्या माणसाला फसवलं, हे घरी जाईपर्यंत त्याच्या पोटात दुखत राहिलं. आईने ओवा दिला.

वैशाख आला. नस काही जागी झाली नाही. थोडी हलली असेल, पण सरकारी कामासारखी, म्हणजे वरून काही दिसत नव्हतं.

लग्न जामबागेतल्याच एका कार्यालयात. बाळकृष्णाने मनाशी सगळं ठरवून ठेवलं होतं. अंतरपाट दूर झाला की मान डावीकडे कलवायची, भारती एक करायची, आणि हार घालायचा. हार घालणं म्हणजे तरी काय, दोन क्षणांचं काम. पण त्याच्या हिशेबात हिम्मतरावमामा नव्हते.

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा रीतीप्रमाणे नवऱ्याचा मामा नवऱ्याच्या पाठीशी आणि नवरीचा मामा नवरीच्या पाठीशी उभा राहिला. बाळकृष्णाने मान कलवली. त्याबरोबर मागून पोलिसी हात आले, कानांच्या वर दोन्ही बाजूंनी डोकं धरलं आणि सरळ केलं.

"मान ताठ," मामा कानात म्हणाले. "लग्न आहे तुझं, बारसं नाही."

"मामा, उसण..."

"हौ, उसण काढतो तुझी. हलू नक्को."

आणि भाचा पुन्हा डावीकडे कलतो की काय, ह्या भीतीने मामांनी डोकं चांगलं इंचभर उजवीकडेच दाबून धरलं. म्हणजे डॉक्टरांनी जिकडे जायचं नाही म्हणून सांगितलं होतं, नेमकं तिकडे. अंतरपाटावरच्या एका कुंकवाच्या स्वस्तिकाचे दोन झाले, आणि खालचं स्वस्तिक पाय फुटल्यासारखं आणखी खाली जायला लागलं. बाळकृष्णाची पाचावर धारण बसली. एक डोळा मिटावा, तर भरल्या मांडवात, बामणांच्या समोर, नवरीला डोळा मारलेला दिसणार. ते तर त्याच्या बापजन्मी शक्य नव्हतं.

शेवटचं 'सावधान' झालं. अंतरपाट सरकला. बँड कडाडला, अक्षतांचा पाऊस पडला, त्यातल्या अर्ध्या बाळकृष्णाच्या तोंडावर. आधी भारतीने हार घातला. तो बरोबर गळ्यात पडला, कारण तिला एकच नवरा दिसत होता.

आता ह्याची पाळी. मामांनी डोकं सोडलं नव्हतं. कपाळावरून मुंडावळ्या डोळ्यांपुढे लोंबत होत्या, धुपाच्या धुराने डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यातून समोर त्याला जे दिसलं ते कुठल्याही नवऱ्याने आजवर पाहिलं नसेल. भारती बुटकी. तिच्या पाठीशी तिचे मामा दत्तोबा, परभणीकडचे शेतकरी, उंचेपुरे, डोक्याला लाल-पिवळा फेटा, ओठांवर झुपकेदार मिशा. बाळकृष्णाला भारती दोन दिसत होत्या तशा दत्तोबाही दोन, आणि दोन्हींमधलं अंतर असं पडलं की खालचे दत्तोबा बरोबर वरच्या भारतीवर येऊन बसले. समोर एकावर एक अशी तीन तोंडं. सगळ्यात खाली एक भारती. मध्ये एक भारती, तिला मिशा. आणि सगळ्यात वर काहीतरी लाल-पिवळं, फुलासारखं, धुरात नीट न दिसणारं.

बाळकृष्णाने विचार केला, आणि तो विचार पूर्णपणे शास्त्रीय होता. मिशीवाली भारती असू शकत नाही. खालची खोटी, हे डॉक्टरांनी सांगितलंय. उरली वरची. वरची खरी.

त्याने दोन्ही हात उंच केले, चवड्यांवर उभा राहिला, आणि हार दत्तोबांच्या गळ्यात घातला.

बँडवाल्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते वाजवत राहिले. पहिल्यांदा भटजींच्या हातातल्या अक्षता थांबल्या, मग बायका थांबल्या, मग पुरुष. बँड सगळ्यात शेवटी थांबला, आणि मग मागच्या अंगणात भांडी घासल्याचा आवाज ऐकू आला.

दत्तोबांनी गळ्यातला हार बघितला, मग नवऱ्याकडे बघितलं.

"जावईबापू," ते काकुळतीने म्हणाले, "मला कामून घातलाव? मी तर तिचा मामा हाय."

मांडवात एकच हशा उसळला. पण एकनाथराव हसत नव्हते. ते पुढे आले, चेहरा लालबुंद. "हिम्मतराव, हा काय प्रकार आहे? मुलगा दारू पितो का?"

"आमच्या घराण्यात दारू नाही!" पद्मावतीबाई मागून कडाडल्या.

"मग आंधळा आहे का?"

आता बाळकृष्णाला खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. लाजेने त्याच्या कानांतून वाफा निघत होत्या. "आंधळा नाही," तो म्हणाला. "मला दोन दिसतात. फाल्गुनात सायकलवरून डोक्यावर पडलो, तेव्हापासून. मान वाकडी केली की एक दिसतं. मी सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं."

हिम्मतरावमामांनी त्याचं डोकं तापल्या तव्यावरून हात उचलावा तसं सोडलं.

"सांगायला पाहिजे होतं!" एकनाथरावांचा आवाज चिरकला. "अर्धा तास मला वाटत होतं हा माझं ऐकतोय! भटजी, थांबवा हे. सप्तपदी झालेली नाही, काही बिघडलेलं नाही. मुलीला घेऊन आम्ही औरंगाबादला जातो."

भटजींनी दोन्ही पक्षांकडे बघितलं आणि पंचांगात डोकं घातलं. बाळकृष्णाच्या डोळ्यांपुढे औरंगाबादची गाडी सुटताना दिसायला लागली. त्याला कुणाचा राग आला नाही, अगदी बोकडाचाही नाही. एवढंच वाटलं की आता हरलो, आणि ते आपल्याच तोंडाने हरलो.

"बाबा, थांबा," भारती म्हणाली. मुंडावळ्या तिने दोन्ही हातांनी बाजूला केल्या. नवरीने मांडवात बोलायचं नसतं, हे तिच्या आत्याने तिला तिथल्या तिथे सांगितलं. ते तिने ऐकलं नाही.

"कोठीत मी विचारलं होतं. तेव्हा म्हणालात, ऐकायला बरं वाटतं. ते खोटं होतं?"

"खोटं होतं," बाळकृष्ण म्हणाला.

"म्हणजे माझं बोलणं ऐकायला बरं वाटत नव्हतं."

"ते वाटत होतं. मान त्याच्यासाठी नव्हती एवढंच."

कुणीतरी खुसखुसलं. भारती हसली नाही. "आता किती दिसते मी?"

"दोन."

"आणि दोघी कशा दिसतात?"

बाळकृष्णाने डोळे पुसले आणि नीट बघितलं. "दोघी रागावलेल्या."

"मग तुमचे डोळे चांगले आहेत," भारती म्हणाली. "जे दिसायला पाहिजे ते दिसतंय." ती वडिलांकडे वळली. "बाबा, खोटं बोलले त्याचं काय करायचं ते मी बघेन. पण दोन दिसतात म्हणून लग्न कशाला मोडायचं? दोन्ही मीच आहे. दुसरी कुणी दिसत असती तर गोष्ट वेगळी."

एकनाथरावांनी भटजींना 'चालू द्या' अशी खूण केली. भाषावार प्रांतरचनेवर ते कितीही बोलू शकत होते, मुलीपुढे मात्र खुणेवर भागवत. दत्तोबांनी हार काढून हातात घेतला. भटजी म्हणाले, उतरलेला हार चालायचा नाही, दुसरा मागवा. त्यावर भारती म्हणाली, "मामाच्याच गळ्यातला आहे ना, काही परक्याच्या नाही. द्या इकडे."

हार पुन्हा बाळकृष्णाच्या हातात आला. त्याने मान डावीकडे कलवली. मागून कुणी अडवलं नाही. दोन चेहरे सरकत सरकत जवळ आले आणि एक झाला, आणि तो अजूनही चांगलाच रागावलेला होता. त्याने हार उचलला, पण सगळा मांडव टक लावून बघत होता, त्या नजरांखाली मान आपोआप सरळ झाली आणि भारती पुन्हा दोन. तो हार हवेत धरून तसाच उभा राहिला.

"वर घाला, वर!" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, आणि दत्तोबा घाईघाईने चार पावलं मागे सरकले.

भारतीने दोन्ही हात पुढे केले, त्याची मनगटं घट्ट धरली आणि हार स्वतःच ओढून आपल्या गळ्यात घेतला. फुलं तिच्या केसांत अडकली, ती तिने मान झटकून सोडवली. मनगटं मात्र लगेच सोडली नाहीत.

"हे आजच्यापुरतं," ती दातांत म्हणाली. "ह्यापुढे जे काय असेल ते आधी मला सांगायचं."

बाळकृष्णाचे डोळे पुन्हा भरून आले, आणि ह्या वेळी धूर नव्हता.

"सांगेन," तो म्हणाला. दोघींनाही.